सोवळ्याची बादली

वास पहिल्यांदा माझ्या नाकाला आला आणि मी दोष नालीला दिला. अकोल्यात मे महिन्यात नालीला दोष दिला की कुणी हरकत घेत नाही. मग शेजारच्या मांजरीवर संशय घेतला. मग कपाटामागे उंदीर मेला असेल म्हणून एका रविवारी नवऱ्याला कामाला लावून सगळी कपाटं हलवून घेतली. उंदीर सापडला नाही, चार वर्षांपूर्वी हरवलेलं माझं एक जोडवं सापडलं. वास होता तिथंच होता.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. नवरा बाळापूरच्या कोर्टात वकिली करतो, सकाळी साडेनऊला जातो तो दिवेलागणीला उगवतो. मी घरी ब्लाउज शिवते. आणि माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणते. वय एक्याऐंशी. आयुष्यभर भिक्षुकी केली. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची वास्तुशांती त्यांच्या हातची आहे, आणि ज्या घरात भिंतीला भेग जाते तिथली माणसं अजून त्यांच्याकडे तक्रार घेऊन येतात.

मी हिवरखेडकडची, माळ्याची मुलगी. आमच्याकडे झेंडू, शेवंती आणि वांगी. तेवीस वर्षांपूर्वी आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी भरपूर तोंड वाजवून घेतलं. मामंजींनी मात्र एका वाक्यात विषय मिटवला. मला समोर बसवून म्हणाले, "घर तुहं, देव तुहे, चूल तुही. फक्त माझ्या सोवळ्याले हात लावू नको."

सोवळं म्हणजे पूजेला नेसायचं त्यांचं धोतर. ते रोज स्वतः धुवायचे, अंघोळ करून ओलेत्यानं पुन्हा खळबळायचे, पिळायचे, आणि न्हाणीशेजारच्या पडवीत उंच बांधलेल्या वलणीवर लांब काठीनं वाळत टाकायचे. वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही. त्या कोपऱ्यात एक पितळी बादली, तिच्यावर झाकण म्हणून ताट, आणि भिंतीला टेकलेली ती काठी. माझ्या माहेरचे झेंडू त्यांच्या देवाला चालत. माझा हात त्यांच्या धोतराला चालत नसे. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवला नाही, बाळंतपणात माझ्यासाठी स्वतः डिंकाचे लाडू वळले. पण ते वाक्य मला लागलं होतं. मी तापट आहे. मी मनात म्हटलं, नाही ना लावायचा हात, मग मेले तरी लावणार नाही. तेवीस वर्षं त्या कोपऱ्यात मी झाडूसुद्धा लांबून फिरवला.

मार्चमध्ये मामंजींचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. नणंद अमरावतीला असते, म्हणून तिथंच केलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की लघवीवरचा ताबा यायला काही महिने लागतील, वय पाहता थोडं गळणं राहूही शकेल. आम्ही माना डोलावल्या. आधी माना डोलावणं सोपं असतं.

परत येताना एस.टी.नं आलो. मूर्तिजापूर गेल्यावर मामंजींनी एकदम पिशवी मांडीवर ओढून घेतली. अकोल्याच्या स्टँडवर सगळे उतरले तरी ते उठेनात. मी हाताला धरून उठवलं तेव्हा सीट ओली दिसली, धोतर मागून चिकटलेलं. मागे कंडक्टर उभा. मी पाण्याची बाटली उघडली, सीटवर आणि थोडी स्वतःच्या साडीवर ओतली आणि मोठ्यानं म्हटलं, "घ्या, सांडली बाटली! झाकणच लागत नाही मेलीचं." कंडक्टर कुरकुरला, त्याचं बरोबरच होतं. मामंजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि घरी येईपर्यंत ऑटोत दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले. मला वाटलं होतं मी त्यांची लाज वाचवली. प्रत्यक्षात, मला दिसलं आहे एवढंच मी त्यांना कळवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी तोडलं.

हे आम्हाला फार उशिरा लक्षात आलं. त्यांच्या उशाशी तांब्या-भांडं असतं, ते मी सकाळी भरायची. तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. विचारलं तर म्हणायचे, "तहानच नाही व." चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसलेल्या माणसाला तहान नाही! पूजाही बंद केली. देवांना पाणी घालायला मला सांगितलं. "बसल्यानं टाके दुखतात," हे कारण. डायपर आणून दिले तर दोन दिवसांत मांड्यांना लाल चट्टे उठले, आणि ते पाकीट त्यांनी पलंगाखाली असं सरकवलं की पुन्हा दिसलं नाही.

एक दिवस देवघरापर्यंत चालताना त्यांना चक्कर आली. गल्लीतले डॉक्टर घरी आले. त्यांनी मामंजींच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. रक्त तपासायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मूत्रपिंडावर ताण यायला लागलाय. पाणी कमी केल्यानं गळणं थांबत नाही, उलट जळजळ वाढते. आठ दिवस देतो. पाणी वाढलं नाही तर भरती करावं लागेल. या वयात भरती झालेला माणूस कसा परत येईल, ते मी सांगू शकत नाही."

आठ दिवस. मी लिंबाचं सरबत केलं, पन्हं केलं, ताक केलं. दोन घोट घेऊन ग्लास बाजूला. नवऱ्यानं वकिली थाटात समजावलं, मग हात जोडले, मग चिडून कोर्टात निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीत पाय धुवायला गेले आणि वास एकदम अंगावर आला. मी नाक पुढे करून शोधत गेले तर थेट सोवळ्याच्या कोपऱ्यात पोचले. पितळी बादलीवरचं ताट थोडं सरकलं होतं. मी वाकणार तेवढ्यात मागून आवाज आला. मामंजी पडवीच्या दारात, एका हातानं चौकट धरून उभे.

"शिवू नको! सोवळं हाय ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाद्रपदापासून चैत्रापर्यंत सगळे सण मी या घरात उभ्यानं काढले, ऑपरेशनला दवाखान्यात फरशीवर झोपले, आणि या माणसाला अजून माझ्या हाताचाच विटाळ! मी म्हटलं, "नाही शिवत. तुमचं सोवळं तुमाले लखलाभ." आणि शिवणयंत्रावर जाऊन बसले. त्या दिवशी दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या.

वास बादलीतून येतो आहे हे मला कळलं होतं. तिच्यात काय असेल याचा अंदाजही आला होता, खोटं कशाला बोलू. तरी मी दोन दिवस त्या कोपऱ्याकडे गेले नाही. तेवीस वर्षांचा राग होता, त्याला शेवटी एक चांगली जागा मिळाली होती. आज हे लिहिताना मला त्याची शरम वाटते.

पाचव्या दिवशी, नवरा नुकताच बाळापूरला गेला होता, न्हाणीत धप्पकन आवाज झाला. धावत गेले तर मामंजी ओल्या फरशीवर बसलेले, पाठ भिंतीला, आणि पितळी बादली आडवी. तिच्यातून धोतरं, पंचे, लंगोट, एक चादर. काही नुसती लघवीनं कडक झालेली. काही शौचानं भरलेली. पाणी पोटात नाही म्हटल्यावर पोटही बिघडलं होतं, आधी साफ होत नसे आणि मग सांभाळलं जात नसे. जवळ एक तांब्या. म्हणजे आम्ही कामात असताना हा माणूस तांब्या-तांब्या पाण्यानं हे सगळं धुवायला बघत होता. नाही जमलं की परत बादलीत, वर ताट. या घरात कुणीही हात घालणार नाही अशी ती एकच जागा होती, आणि त्यांनी ती बरोबर निवडली होती.

मी पुढे झाले तर त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. "शिवू नको व पोरी. घाण हाय सारी. तुले कायले विटाळ..."

तेवीस वर्षं मी या माणसाला ओळखत होते आणि मला एवढं कळलं नव्हतं. परवा त्यांनी माझ्यापासून सोवळं वाचवलं नव्हतं. त्या घाणीपासून मला वाचवलं होतं, आणि माझ्यापासून स्वतःचं तोंड लपवलं होतं. मला रडू आलं आणि मी रडले, न्हाणीतच, त्यांच्यासमोर. मग पदरानं नाक पुसून त्यांना बगलेत धरून उठवलं. खुर्चीवर बसवून अंग पुसलं, कोरडं नेसवलं. डोळे मिटून त्यांनी सगळं करू दिलं.

लागलं नव्हतं, देवाची कृपा. संध्याकाळी नवरा आला, त्याला बादली दाखवली. वडिलांचं ते सगळं पाहून त्याचा चेहरा पडला. मी मामंजींना जेवायला वाढत होते तेवढ्यात त्यानं प्रेमानं काय करावं? पाणी उकळवून त्यातल्या दोन धोतरांवर ओतलं. म्हणाला, "जंतू मरतात ना!"

जंतू मेले असतील. डाग अमर झाले. ती दोन धोतरं अजून आहेत, आम्ही खाली अंथरायला वापरतो.

बाकीची दुसऱ्या दिवशी मी धुतली. माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तिचे कपडे माझी आई मळ्यात विहिरीवर धुवायची, आणि शेजारी उभी राहून मी पाहायची. आईचं एकच सांगणं असायचं: "आधी थंडं पाणी. ऊन पाणी मागून." मी तसंच केलं. हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, जुन्या ब्रशनं घट्ट असेल ते संडासात झाडलं. मग थंड पाण्यात दोनदा खळबळलं. मग थंड पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकून दोन तास भिजत. मग साबण, मग ऊन पाणी, मग पुन्हा साधं. तोंडाला पदर बांधला होता तो दहा मिनिटांत सोडला, त्याचा काही उपयोग नसतो. पहिल्या कपड्याला तोंड वळवलं, तिसऱ्याला नुसतं नाक मुरडलं, पाचव्याला मी मनात ब्लाउजची मापं आठवत होते. घाण ही घाण असते, धुतली की जाते. इतकं साधं काम आम्ही तिघांनी मिळून दोन महिने अवघड करून ठेवलं होतं.

आमच्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. टाकीतलं बरंच पाणी त्या धुण्यात गेलं. पडवीत खुर्ची टाकून मामंजी ते बघत होते. शेवटी म्हणाले, "किती पाणी नासून राहिली तू माझ्यापायी."

मी हात थांबवला. "मामंजी, पाण्याचा हिशेब मी पाहीन. तुमी प्या. तुमी भिजवा, मी वाळवते."

मी भांडं हातात दिलं, त्यांनी दोन घोट घेऊन ठेवलं. दोन दिवस उरले होते. मग मला एक सुचलं. भिक्षुकाला काही शिकवायला सांगा, तो आजारपण विसरतो.

"मले एक सांगा," मी म्हटलं. "धुतलेलं कापड सोवळं कसं होते?"

"कावून?"

"सांगा तर."

त्यांनी सांगितलं, आधी तुटक, मग रंगात येऊन. अंघोळ करायची. ओलेत्यानं शुद्ध पाण्यातून कापड काढायचं. पिळायचं, जमिनीला लागू द्यायचं नाही, काठीनं टाकायचं, वाळेपर्यंत कुणाचा हात नको. "बस, एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ते म्हणाले, आणि मग सावध झाले. "पण तू..."

"मी काय? तुमच्या सांगण्यात माळ्याची पोरगी चालत नाही, असं कुठं आलं?"

मामंजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं चिडले. पण ते नियम आठवत होते, खरोखरच, डोळे बारीक करून, जुन्या पोथ्या चाळल्यासारखे. "नाही आलं," शेवटी म्हणाले.

मी उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या साडीनं बाहेर आले आणि एक धोतर शेवटच्या स्वच्छ बादलीतून काढलं. काठी हातात घेतली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि सांगते, ते काम दिसतं तितकं सोपं नाही. नऊ हात लांब ओलं धोतर काठीच्या टोकावर उचलून डोक्याच्या वर टाकायचं म्हणजे खांदे भरून येतात. पहिल्या फेकीत ते वलणीवरून पलीकडे घसरून जमिनीवर पडलं.

"पडलं! ओवळं झालं!" मामंजी खुर्चीतून ओरडले. "काठी खालून धर. खालून! हे काय, भाला फेकून राहिली का?"

पुन्हा खळबळलं. दुसऱ्यांदा अर्धं राहिलं, अर्धं माझ्या डोक्यावर आलं. ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं, खोकला येईपर्यंत हसले. आणि हसता हसता थोडं गळलं असणार, कारण एकदम थांबले आणि मांडीवरचं धोतर सावरू लागले.

मी काठी भिंतीला लावून म्हटलं, "झालं? होऊ द्या. मले सवय पाडायची हाय. बाकी कोरडी आत आहेत." त्यांनी मान हलवली. मी आतून दुसरं आणून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि पाठ फिरवून वलणीकडे वळले. तिसऱ्या फेकीत धोतर बसलं, अगदी सरळ.

अकोल्याच्या उन्हाचं आयुष्यात एकदा तरी कौतुक करावं लागतं. पाऊण तासात धोतर खडखडीत वाळलं. मामंजी स्वतः उठले, भिंत धरून गेले. आधी दोन अंगुळं कापड नाकाशी नेलं, वास घेतला. उन्हाचाच होता. मग काठीनं ते खाली ओढून, मी धुतलेलं, मी टाकलेलं, ते नेसून देवापुढे बसले. आत जुन्या पातळाच्या घड्या मी शिवून दिल्या होत्या, बाळाच्या दुपट्यासारख्या, त्या लावून. पंधरा मिनिटं बसले. तीर्थ घेतलं, एक पळी. मग मला हाक मारून म्हणाले, "तांब्या दे." आणि माझ्यासमोर अख्खं भांडं प्यायले. दुसरंही. मी मोजत नव्हते असं दाखवलं.

आठव्या दिवशी रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, "भरती नको." नवऱ्यानं येताना आंबे आणले.

त्यानंतर रोजचं बसलं. थंड पाण्याची बादली वेगळी, सोड्याची वेगळी, उन्हात वाळवणं, घड्या. लघवी रोखून धरल्यासारखे स्नायू आवळायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला तो मामंजी जपासारखा करतात. गळणं कमी झालं आहे, गेलेलं नाही. चिडचिड माझीही होते. एखाद्या दिवशी तीन चादरी निघतात तेव्हा मी बादली आपटते, आणि ते पडवीतून म्हणतात, "आपट, आपट, पितळी हाय, फुटत नाही."

मागच्या आठवड्यात वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला एक जोडपं आलं होतं. मामंजी समोरच्या खोलीत पंचांग उघडून बसले होते, शेजारी तांब्या. मधल्या दिवसांत कुणी यायचं असलं की ते सकाळपासून पाण्याला शिवत नसत. आता बोलता बोलता भांडं भरून पीत होते. मी आत मशीनवर होते. मध्येच त्यांनी पंचांग मिटल्याचा आवाज आला आणि मग, भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, खणखणीत आवाजात हाक आली, "सूनबाई! ओलं झालं व. दुसरं आण."

पाहुणी बाई गडबडून फोटोंकडे बघू लागली. मी पडवीत गेले. घडी घालून ठेवलेली सगळी धोतरं संपली होती, वलणीवर सोवळ्याचं तेवढं वाळलेलं. तेच काठीनं उतरवलं आणि टोकावर तसंच लटकवून समोरच्या खोलीच्या दारात आणलं. मामंजी उठून उभे होते, भिंतीला एक हात लावून.

"काठी राहू दे," ते म्हणाले. "हातानं दे."

मी काठी दाराला टेकवली, धोतर हातात घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, पाहुण्यांना म्हणाले, "बसा, आलोच," तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन संपवलं, आणि बदलायला आत गेले.